इटलीत खाण्याचा खर्च: पैसे कुठे जातात, कुठे वाचतात

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस हा नेहमीचाच मार्ग आम्ही चौघांनी केला. हॉटेलं आणि रेल्वेची तिकिटं आधीच काढलेली, त्यामुळे तिथे पोचल्यावर कमी-जास्त करण्यासारखा खर्च उरला तो खाण्याचा. पहिल्या एक-दोन बिलांतच कळलं की इटलीत पदार्थांपेक्षा खुर्चीचेच पैसे जास्त लागतात.

कॉफीचंच बघा. तिकडच्या 'बार'मध्ये म्हणजे कॉफीच्या दुकानात काउंटरला उभं राहून एस्प्रेसो घेतली तर साधारण सव्वा ते दीड युरो. तीच कॉफी गर्दीच्या चौकात टेबलावर मागवली की तिप्पट-चौपट. दरफलकावर 'बांको' म्हणजे उभ्याने आणि 'ताव्होलो' म्हणजे बसून, असे दोन रकाने दिसतात. ते आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. नुसतं काउंटरशी ताटकळत राहिलात तर कुणी विचारत नाही. व्हेनिसच्या सान मार्को चौकात १७२० पासून चालू असलेलं कॅफे फ्लोरियान आहे. तिथे बाहेर वाद्यवृंद चालू असताना बसलात, तर संगीताचेही माणशी पैसे बिलात येतात. हौस म्हणून एकदा जायला हरकत नाही, पण मेनूकार्ड बघून बसा.

जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' असतो. टेबल मांडल्याचा हा आकार, माणशी दीड ते तीन युरो, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात. चौघांचे दहाएक युरो घास तोंडात जायच्या आधीच लागतात. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं तिथे २००६ च्या कायद्याने कोपेर्तोला बंदी आहे, पण मग पावाचे पैसे लावतात. पाव नको असेल तर टोपली टेबलावर येतानाच हात आडवा करा. टिपचं बंधन नाही. बिलावर 'सेर्व्हित्सिओ' म्हणजे सेवाशुल्क दिसला तर वर काहीच ठेवू नका.

पाणी बाटलीचंच येतं आणि बिलात लागतं. बाहेर फिरताना मात्र रोमइतकी पाण्याची चैन मी कुठे पाहिली नाही. रस्तोरस्ती 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, १८७४ पासून. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, थेट तोंडात. पाणी गार आणि पिण्याजोगं असतं. रिकामी बाटली जवळ ठेवा, की दिवसाचं पाणी फुकट.

आमचं दुपारचं जेवण बहुतेक वेळा 'पिझ्झा अल तालिओ'वर भागलं. मोठ्या चौकोनी ट्रेमधला हा पिझ्झा वजनावर विकतात. विकणारा सुरी टेकवून 'कोझी?' म्हणजे 'एवढा?' असं विचारतो. तुम्ही हाताने अलीकडे-पलीकडे दाखवायचं, की तो कात्रीने तुकडा कापून वजनकाट्यावर ठेवतो. त्यांची 'एवढा'ची कल्पना भलतीच उदार असते, तेव्हा सुरी निःसंकोच अलीकडे सरकवायला सांगा. दर किलोला लिहिलाय की 'एत्तो'ला, म्हणजे शंभर ग्रॅमला, ते बघा. रेस्टॉरंटात मासे आणि फ्लोरेन्सचा तो प्रसिद्ध बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाड तुकडा, हेही वजनावरच असतात. बिस्तेक्काचा एक तुकडाच किलोभर भरतो. मेनूवरचा आकडा अख्ख्या डिशचा समजून ऑर्डर दिलीत तर बिल आल्यावर घाम फुटेल.

आमच्यात दोघं शाकाहारी. मारिनारा पिझ्झ्यावर चीज नसतं, तो सगळ्यात स्वस्तही असतो. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं असलं तरी मटणाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या. अस्सल पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं. कडक पाळणाऱ्यांनी पास्त्यावर किसून घालू नका म्हणून सांगावं.

व्हेनिस महाग खरं, पण तिथल्या 'बाकारो'त म्हणजे छोट्या वाइनच्या गुत्त्यात उभ्याने 'चिकेत्ती' खाल्ले तर परवडतं. पावाच्या छोट्या कापांवर काहीबाही रचलेलं, नग दोन-तीन युरोंच्या आसपास. मला तर तिथल्या बसून जेवणाऱ्या जागांपेक्षा हेच आवडलं. बांधून घेतलेलं खाणं मात्र सान मार्को चौकात फतकल मारून खाऊ नका, दंड होतो. रोममध्येही स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे.

वेळांचं भान हवंच. दुपारी अडीच-तीनला बरीच स्वयंपाकघरं बंद होतात ती सात-साडेसातला उघडतात. मधल्या वेळात उघडी असतात ती मुख्यतः फोटोवाल्या मेनूंची, दारात उभं राहून हाका मारणारी ठिकाणं, आणि भुकेला माणूस नेमका तिथे सापडतो. अडीचच्या आत जेवून घ्या, किंवा सुपरमार्केटच्या चीज-मांसाच्या काउंटरवर समोर पाव भरून घ्या. पाव आणि आतलं सारण, दोन्हीचे वजनावर पैसे होतात आणि पोटभर खाणं चार-पाच युरोंत निघतं.

कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं. यंत्रावर 'युरो की तुमचं चलन' असं विचारलं तर युरोच दाबा, दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर हमखास वाईट मिळतो.