आमची वाटचाल: फळ्या ठोकायचे दोन दिवस

इंग्लंडमधल्या ॲशबोर्नला दुकान उघडून जेमतेम तीन महिने झाले होते. २०१३च्या फेब्रुवारीत एका सकाळी शेजारचे खाटीक दारातून डोकावले आणि म्हणाले, "मंगळवारच्या आत खिडकीला फळ्या ठोकून घे, मी डक." 'मी डक' म्हणजे इथल्या बोलीत 'माय डक', माझं बदक; आमच्या या डर्बीशर परगण्यात कुणीही कुणाला प्रेमाने तसं म्हणतं. पहिले काही दिवस मला वाटायचं, माझ्या चालण्यावर बोलतात! पण त्या दिवशी मनात फळ्याच राहिल्या. आमच्या इचलकरंजीत दुकानं धडाधड बंद झाली की समजायचं, कुठेतरी पेटलंय. मी विचारलं, बंद कशाबद्दल आहे? ते हसत सुटले.

बंद नव्हता, फुटबॉल होता.

ॲशबोर्न हे नऊ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. गोव्यात ज्या मंगळवारी कार्निव्हल संपतो, त्याच मंगळवारी आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस), इथे श्रोव्हटाइडचा, म्हणजे त्या उपवासाआधीच्या सणाचा, फुटबॉलचा खेळ असतो. मैदान नाहीच. एक गोल स्टर्स्टनला, दुसरा क्लिफ्टनला, मध्ये तीन मैल. आणि त्यात येणारे रस्ते, शेतं, हेनमोर ओढा, सगळं खेळात. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले 'अपर्ड', दक्षिणेचे 'डाउनर्ड'. दुपारी दोनला चेंडू वर फेकतात, रात्री दहापर्यंत चालतं. नियम मोजके: चेंडू गाडीत घालायचा नाही, लपवायचा नाही, चर्चच्या आवारात न्यायचा नाही आणि कुणाचा जीव घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम सांगावा लागतो, यातच काय ते समजा. १९२८ साली खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सने चेंडू फेकला, तेव्हापासून नावामागे 'रॉयल' लागलं.

आमचं दुकान कपडे दुरुस्तीचं, कॉम्प्टन रस्त्यावर. आम्ही खर्च वाचवायला अर्ध्याच खिडकीला प्लायवूड लावलं. बुधवारी चारच्या सुमारास 'हग' आमच्या दारात आला. हग म्हणजे चेंडूभोवती एकमेकांना बिलगून रेटणारी माणसांची गर्दी. थंडीत त्या गर्दीतून वाफ निघत होती, पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. पाठी काचेला टेकल्या आणि उघडी अर्धी काच गेली. दोष कुणाला देणार? कंजूषपणा आमचा.

गुरुवारी सकाळी मी काचा गोळा करत असताना एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. आत रग्बीचा जुना जर्सी, निम्मी कॉलर लोंबती, कोपरात ओढ्याचा गाळ वाळलेला. म्हणाले, शिवून दे, पण जुने टाके उसवू नकोस, ते वडिलांचे आहेत. मी शिवण उलटी करून पाहिली. तीन वेगवेगळ्या हातांचे टाके, तीन रंगांचे दोरे. एक हात तर चक्क मच्छीमाराच्या जाळ्यासारखी गाठ मारत होता. मी चौथा रंग लावला. पुढच्या आठवड्यात अकरा शर्ट आले. तोवर आमच्याकडे दिवसाला दोन पँट लांबी कमी करायला आल्या तरी आम्ही खूश असायचो.

मग शेतकऱ्यांची मेण लावलेली जॅकेटं येऊ लागली. त्यातलं मेण सुईला चिकटतं, मशीन टाके गाळतं. ती मी जुन्या मशीनवर वेगळी शिवते, नाहीतर पुढच्या नवरीच्या गाऊनला डाग. सप्टेंबरात शाळेचे ब्लेझर, उन्हाळ्यात लग्नं. २०१७पासून १२,००० पौंडांपर्यंतच्या रेटेबल व्हॅल्यूच्या (जागेच्या अंदाजी वार्षिक भाड्याच्या) दुकानांना पूर्ण सवलत मिळाली, तेव्हा आमचे बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर, शून्यावर आले. त्या पैशांतून कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन घेतलं. २०२०च्या उन्हाळ्यात मास्क शिवून निभावलं, तेही माहेरहून आणलेल्या इचलकरंजीच्या पॉपलिनचे. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. इथून दहा-बारा मैलांवर क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइट या उद्योजकाची १७७१ची, पाण्यावर चालणारी सूतगिरणी आहे. बाबांना तिथे नेलं तर ते तासभर गप्पच होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्या सूतगिरण्या हितनं सुरू झाल्या व्हय."

२०२१ साली कोविडमुळे खेळच झाला नाही. फळ्या नाहीत, फाटके शर्ट नाहीत. गाव नुसतंच उघडं वाटत होतं.

आमचं घर ओढ्याच्या उत्तरेला आणि दुकान दक्षिणेला, त्यामुळे आम्ही नक्की कोण, यावर गिऱ्हाइकांत वाद आहे. मुलगी डर्बीच्या हॉस्पिटलात जन्मली, म्हणून तिचा निकाल अजून लागलेला नाही. ती त्या मंगळवारचे पॅनकेक दोन्हीकडून खाऊन येते.

आता फळ्या सात आहेत, पूर्ण खिडकीच्या. कुठली कुठे बसते ते कळावं म्हणून ह्यांनी मागे मराठी आकडे घातलेत. खाटीकदादांचा मुलगा दरवर्षी मदतीला येतो. यंदा शिडीवरून ओरडला, "ती उलट्या तीनसारखी कुठाय?" मी सहा नंबरची उचलून दिली.