घर उभं आहे

गावाला कुलूपबंद घर असलेल्या माणसाला हवामानाच्या बातम्या दोनदा ऐकाव्या लागतात. एकदा डोक्यावरच्या छपरासाठी, एकदा तिकडच्या. आमचं तिकडचं छप्पर श्रीवर्धनला. कौलारू घर, मागे वाडी, विहीर आणि शेजारी दादा-वहिनी. पुण्यात नुसतं आभाळ भरून आलं तरी आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, ‘तिकडे काय असेल?’

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुपारच्या सुमारास त्याच किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. सकाळी वहिनींचा फोन झाला होता, ‘वारा सुटलाय, भात उतरवते नि मग बोलते.’ त्यानंतर फोन लागेचना. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. टीव्हीवर कुठलासा एकच माड दिवसभर वाकून दाखवत होते. उठून जावं, तर लॉकडाऊन. पासाशिवाय ताम्हिणी उतरायची सोय नव्हती.

लांबून केलेली काळजी मोठी विचित्र असते. आढं मोडलं असेल का, माणसं कशी असतील, याला मन हातच लावत नाही. ते भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. न्हाणीघराच्या खिडकीची कडी लावली होती का? माळ्यावरच्या गाद्या भिजल्या असतील का? आमच्याकडे तर रात्री लोणच्याच्या बरणीवरून चर्चा झाली. बरणी रिकामी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा माणगावच्या बाजूला रेंज शोधत गेले, तेव्हा कुठे फोन आला. ‘घर उभं आहे. ओटीवरची कौलं उडाली, फणस पडवीवर आडवा झालाय, पण आढं शाबूत.’ आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. ‘आणि तुमचं?’ हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला. त्यांचे पत्रे उडून पार तिसऱ्याच्या वाडीत पडले होते. ते सगळे आमच्या माजघरात झोपत होते. किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याकडेच असते, त्यामुळे यात आमच्या उदारपणाचा काही संबंध नाही. आम्ही वर्षातून आठ दिवस जाऊन ‘आमचं’ म्हणतो, ते घर प्रथमच खऱ्या अर्थाने कुणाच्या तरी कामी आलं, एवढंच. साखरेचा दाणा तोंडात विरघळताना जरा चुकल्यासारखं वाटलं. आमचं घर वाचलं ते वादळ दुसऱ्यांच्या घरावरून गेलं म्हणून नव्हे, हे कळतं. पण आभार मानताना जीभ अडखळतेच.

पास मिळाल्यावर ताडपत्री, मेणबत्त्या आणि टॉर्चचे सेल घेऊन गेलो. कौलं कुठे मिळेनात, मिळाली ती मापात बसेनात. पण कौलांचं दुःख वाडी पाहीपर्यंतच. माड वाकतो, झावळ्या गमावतो, आणि बरेचदा तगतो. पोफळीचं तसं नाही. तिचा सडपातळ सोट मधेच काडकन मोडतो. ज्या रोठा सुपारीसाठी श्रीवर्धनचं नाव घेतात, तिच्या वाड्या काडेपेटी सांडल्यासारख्या पडल्या होत्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं, आणि रोपाला सावली हवी. सावली देणारी झाडंच आडवी झालेली. सरकारने फळबागांची भरपाई हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली. आकडा ऐकायला बरा. पण इथे जमीन गुंठ्यांत मोजतात, आणि हेक्टरात साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. पडलेली खोडं तोडून बाहेर काढायची मजुरी तरी त्यात सुटेल का, असं दादा हसत म्हणाले. त्या हसण्यावर काय बोलावं ते आम्हाला सुचलं नाही.

आम्हाला मात्र परत येऊन विजेच्या दिव्याखाली काळजी करायची सोय होती. तिकडे बऱ्याच वाड्यांना वीज यायला महिना उलटून गेला.

पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकू लागलं, तेव्हा मी सकाळपासून फोन घेऊन बसले होते. त्याआधी वहिनींचाच आला. ‘पाणी भरलंय, रॉकेल आणलंय, पोरांना घेऊन तुमच्या माजघरात येऊन बसलोय. घराची काळजी सोडा. आणि तुमची ती गाडी झाडाखालून काढा आधी, मागच्या वेळी पुण्यातही झाडं पडली होती!’