शिजियाझुआंगला जायचं तर साध्या गाडीनं

बीजिंगमध्ये चिनी शिकायला आलेल्या माणसानं वूदाओकोऊ नावाच्या भागापासून जरा जपून राहावं. १९०९ साली पुरी झालेली झांगजियाकोऊची रेल्वे इथूनच जायची. त्या रुळांवरचं फाटक अगदी २०१६ पर्यंत चालू होतं. आता तिथं मेट्रोच्या तेरा नंबरच्या मार्गाचं स्टेशन आहे आणि खाली कोरियन हॉटेलं, कॉफीची दुकानं आणि अर्ध्या जगातली पोरं. आमचं भाषा आणि संस्कृती विद्यापीठ (स्थापना १९६२) हाकेच्या अंतरावर. चिनी लोक त्याला ‘छोटं संयुक्त राष्ट्र’ म्हणतात ते उगाच नाही. वर्गात कझाक, कोरियन, इटालियन, थाई असे सगळे, आणि सुटी झाली की सगळ्यांची गाडी इंग्रजीवर. चिनी फक्त सकाळी आठच्या श्रुतलेखनापुरतं. या भागात चिनीवाचून वर्षभर मजेत निभतं. शिकायला आलेल्याची पंचाईत हीच.

त्यातल्या त्यात कामाची जागा म्हणजे खानावळ. साडेअकराला रांगा लागतात आणि साडेबारानंतर गेलात तर तळाला राहिलेला रस्सा. मी शाकाहारी. टोमॅटो-अंडं मला चालतं, व्हिनेगर-मिरचीत परतलेल्या बटाट्याच्या काड्या तर रोज चालतात. पण फरसबीत हमखास डुकराचा खिमा असतो. ‘मांस नको’ म्हटलं की वाढणाऱ्या मावशी चमच्यानं खिमा बाजूला सारतात आणि त्यातलीच फरसबी वाढतात, वर ‘काढलं की!’ असा चेहरा. त्यांच्याशी वाद घालता घालता माझं नकारार्थी वाक्यांचं व्याकरण पक्कं झालं.

माणसांशी बोलायचं असेल तर मात्र गाडीत बसावं, आणि तीही साधी. बीजिंग पश्चिम स्टेशनवरून शिजियाझुआंग, म्हणजे हबेई प्रांताची राजधानी, जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. बुलेट ट्रेन सव्वा-दीड तासात पोचवते. वर्गातले सगळे तीच घे म्हणत होते. मी घेतली ती तीनेक तास लावणारी, ‘कडक आसना’ची. तिकीटही बुलेटच्या साधारण एक तृतीयांश. छिंगमिंगचे दिवस होते. एप्रिलच्या सुरुवातीला येणारा हा सण म्हणजे पितरांच्या कबरी झाडायचा. निघताना गेटजवळच्या गाड्यावर ज्येनपिंग घेतलं. मुगाच्या पिठाचं धिरडंच ते, फक्त वर अंडं फोडलेलं, कोथिंबीर-कांदापात पेरलेली आणि पोटात कुरकुरीत पापडी.

कडक आसनाच्या डब्यात एका बाजूला तीन-तीन, दुसऱ्या बाजूला दोन-दोन माणसांची बाकं समोरासमोर असतात, गुडघ्याला गुडघा लागतो. मधल्या टेबलावर पत्र्याचं ताट असतं, सूर्यफुलाच्या बियांच्या सालांसाठी. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी, तिथं इन्स्टंट नूडल्सचे डबे घेऊन उभी असलेली रांग. रेल्वेचीच कर्मचारी बाई ढकलगाडी रेटत येते, ‘बिया, शेंगदाणे, बिअर, पाणी, पाय आत घ्या!’ हे सगळं एका दमात. तिच्या मागून दुसरा एक गणवेशातला गडी आला तो मोजे विकायला. मोजा दोघांकडून ताणून धरला, तारेच्या ब्रशनं खसाखसा घासला आणि न फाटलेला मोजा डबाभर मिरवला. आमच्या सोलापूरच्या आठवडी बाजारात हा माणूस उपाशी मरणार नाही.

समोरच्या आजींनी आधी उकडलेलं अंडं हातात दिलं, मग चौकशी. देश कुठला, लग्न झालं का, आईवडील काय करतात, शिकून पगार किती मिळेल. आपल्याकडच्या पॅसेंजरमध्येही हीच प्रश्नपत्रिका असते, फक्त इथं पगार जास्त मार्कांना. कुठं निघालीस, यावर मी म्हटलं, ‘ख दीह्वा’. आजींशेजारचे आजोबा एकदम सरसावून बसले. खिडकीतल्या तरुणाला हे नाव ठाऊक नव्हतं. त्यानं मोबाइलवर शोधायच्या आत आजोबांनी त्याला अख्खी गोष्ट ऐकवली. त्यांच्या हबेई बोलीतलं निम्मंच मला कळलं, पण गोष्ट माझ्या गावची होती, त्यामुळे अडलं नाही.

ख दीह्वा म्हणजे आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं, त्यातले एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे पुढं-मागं परतले, कोटणीस तिथलेच झाले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका असलेल्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यानं गेले. वय अवघं ३२. मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट. हा माणूस चिनी लिहाय-बोलायला शिकला आणि विद्यार्थ्यांना चिनीतून वैद्यक शिकवू लागला. ना भाषेचा वर्ग, ना मोबाइलमधला शब्दकोश, उलट डोक्यावर युद्ध. इथं आम्ही चिनीतल्या चढत्या-उतरत्या सुरांच्या चिन्हांवरून कुरकुरतो.

शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकाच्या आवारात त्या दिवशी लाल रुमालवाल्या शाळकरी पोरांची झुंबड होती. कोटणीसांच्या समाधीपुढं पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचा ढीग. कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांची समाधीही तिथंच. एका बाईंनी मला, ‘तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?’ असं विचारलं. ‘गावातली,’ म्हटलं, तर त्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. मग पोरांचीही रांग लागली. मी हसून हसून थकले.

येताना उशीर झाला म्हणून बुलेट ट्रेन घेतली. स्वच्छ, गार, वेळेवर. शेजारचा माणूस कानांत इअरफोन घालून झोपला होता आणि वूदाओकोऊला पोचेपर्यंत मी एक वाक्य बोलले नाही. कोटणीस ज्या गावात वारले ते गगोंग तांग तालुक्यात आहे. मे महिन्याच्या सुटीत तिकडं जायचं ठरवलंय, साध्या गाडीनं आणि पुढं बसनं.