किती गुंठे घ्यावेत?

"निवृत्तीनंतर कोकणात राहायला यायचंय, किती जागा घेऊ?" असं मुंबई-पुण्याची मंडळी नेहमी विचारतात. खरं तर विचारण्याआधी बऱ्याच जणांचं मनात ठरलेलं असतं. कुणीतरी तीन एकर, पाच एकर दाखवलेले असतात आणि गुंठ्याचा दर काढला की मोठा तुकडा स्वस्त वाटतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नवराबायको दोघंच राहणार असाल आणि साठी उलटलेली असेल, तर पंधरा गुंठे पुष्कळ झाले. हा आकडा मे महिन्यातल्या विहिरीवरून काढलेला आहे.

कोकणात वर्षाला तीन ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. याला कारण जांभा. हा दगड सच्छिद्र, त्यामुळे पाणी पडतं, मुरतं आणि उताराने वहाळाला (ओढ्याला) नाहीतर खाडीला जाऊन मिळतं. डिसेंबरात जागा बघायला आलात तर वहाळ वाहता असतो, विहीर निम्मी भरलेली असते आणि सगळीकडे हिरवंगार दिसतं. त्या दिवसांत नापसंत करावी अशी जागा कोकणात सापडायची नाही. म्हणून जागा बघायला यायचं ते मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि येताना सुंभ घेऊन यायचं.

सुंभाला दगड बांधा. संध्याकाळी मालकाला पंप लावून पाणी खाली घ्यायला सांगा, पंप बंद झाल्यावर दगड सोडून पातळीला गाठ मारा. पहाटे, पंप सुरू व्हायच्या आत, पुन्हा मोजा. रात्रीत जेवढं पाणी चढलं तेवढी त्या विहिरीची कमाई, बाकीची शिल्लक पावसाळ्याची. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर. मेमध्ये रात्रीत एक फूट चढणारी विहीर आमच्याकडे चांगली समजतात.

आता खर्च मांडा. दोन माणसांच्या घराला, पाहुण्यारावळ्यांसकट, दिवसाला ३०० लिटर. उन्हाळ्यात लागत्या नारळाला ठिबकने ४० लिटर, म्हणजे दहा माडांना ४००. पोफळीला (सुपारीच्या झाडाला) वीस लिटर धरले तर चाळीस पोफळींना ८००. झाले दीड हजार. उरलेलं पाणी भाजीच्या आळ्यांना, जास्वंदीला आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात कमाई घटते त्या तुटीला. जागेचा हिशेब याच आकड्यांवरून निघतो. माड साडेसात मीटरवर लावायचे, म्हणजे दहा माडांना साडेपाच-सहा गुंठे. पोफळी पावणेतीन मीटरवर, चाळीस पोफळींना तीन गुंठे. घर, खळं (पुढचं अंगण) आणि मागीलदार मिळून तीन-चार गुंठे. उरलेल्या दोन-तीन गुंठ्यांत कडेने दोन हापूस, एक फणस, एक रातांबा (कोकम). पंधरा गुंठे भरले, आणि विहिरीचं पाणीही तिथेच संपलं. पाच एकर घेतलेत तर त्यातले साडेचार एकर तुमच्या विहिरीच्या आवाक्याबाहेरचे. मोठी झालेली काजू-आंब्याची कलमं पाण्याशिवाय निभावतात हे खरं, पण पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांनाही हंडाभर पाणी आणि राखण लागतेच.

पंपाबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. विहिरीच्या काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप वीस-बावीस फुटांखालचं पाणी व्यवहारात ओढू शकत नाही. जानेवारीत झकास चालणारा पंप एप्रिलात नुसता घरघरतो तो यामुळे. मग माणसं फूट व्हॉल्व्ह बदलतात, पंप दुरुस्तीला टाकतात, आणि दोष असतो खोलीचा. पंप विहिरीत खाली चौथरा करून ठेवला तर पावसाळ्यात बुडतो. त्यापेक्षा पाण्यातच सोडायचा ओपनवेल सबमर्सिबल घ्या, एक अश्वशक्ती पुरते. सोबत पाणी संपल्यावर पंप आपोआप बंद करणारा ड्राय-रन कटऑफ हवाच, नाहीतर मेमध्ये एक दुपार झोप लागली की वाइंडिंग जळालं. समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असाल तर बोअरवेलच्या नादी लागू नका. जास्त उपसा झाला की गोड्या पाण्याखालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर मचूळ होते, कधी कधी शेजाऱ्याचीसुद्धा.

पाऊस सुरू झाला की पहिल्या पंधरा दिवसांत विहीर गढूळ होते. ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते, ती मापात टाकायची: हजार लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणा, की लिटर मिळाले. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत ओता, कळशी खालीवर करून पाणी ढवळा आणि तासभर ते वापरू नका. उघड्या डब्यात ठेवलेल्या पावडरचा जोर महिन्याभरात जातो, म्हणून डबा घट्ट झाकणाचा. संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि किमान पन्नास फूट लांब. जांभ्यात आणखी लांब गेलात तर उत्तमच.

पाण्यानंतर गवत. शहरातून आलेल्यांच्या हिशेबात ते कधीच नसतं. गणपतीपर्यंत ते कमरेला लागतं, दिवाळीनंतर वाळतं आणि फेब्रुवारीपासून त्याची बंदुकीची दारू होते. शेजारी शेत भाजताना (भाजावळीत) उडालेली ठिणगी किंवा रस्त्यावर फेकलेली विडी पुरते. वणव्यात वीस वर्षांची कलमं तासाभरात होरपळतात. म्हणून दोन कापण्या हव्यात: एक ऑगस्टअखेर, बी धरायच्या आत, आणि दुसरी दसऱ्यानंतर. शिवाय हद्दीच्या आतून दहा-बारा फुटांचा पट्टा पालापाचोळ्यासकट साफ करून ठेवायचा. पंधरा गुंठे ग्रासकटरने दोन-तीन सकाळींत आटपतात. पाच एकरांना माणसं लागतात, आणि ती कधी मिळत नाहीत ते आधी समजून घ्या: लावणीत नाही, गणपतीत नाही, कापणीत नाही, शिमग्यात नाही. गवत कापायची वेळ नेमकी गणपती आणि कापणीच्या मध्ये सापडते. मजुरी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण माणूस त्या दिवशी स्वतःच्या शेतात असतो.

ग्रासकटर टू-स्ट्रोक असेल तर लिटरभर पेट्रोलला कंपनीने सांगितल्याप्रमाणे २० ते २५ मिली टू-टी ऑइल. जास्त घातलं तर प्लग काळा पडतो, कमी घातलं तर पिस्टन धरतो. यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि ते बंद पडेपर्यंत चालू ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. गावातली निम्मी ग्रासकटर दुरुस्ती हीच असते. गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) पातं लावू नका, नायलॉनची दोरी लावा. पात्याने उडालेला दगडाचा तुकडा शेजाऱ्याच्या काचेपर्यंत जातो. आणि पायात गमबूट हवेतच. गडग्याच्या सांदीत फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं.

झाडांचं थोडक्यात. पोफळीचा शत्रू कोळेरोग, पावसात सुपाऱ्या कुजून गळतात. त्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण: दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, दोन्ही वेगळे विरघळवून मग एकत्र करायचे, तेही प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आत, पुढची उघडीप मिळेल तशी महिन्याभराने. माडाला गेंड्या भुंगा. त्याच्या अळ्या तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, म्हणून खड्डा हलवत राहा आणि पांढऱ्या जाड अळ्या कोंबड्यांना घाला. पाडेली (नारळ पाडणारा) वर चढला की माड साफ करून घ्या आणि कोंबाजवळच्या पानांच्या बगलांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालायला सांगा. घरच्या दोन हापूसांना कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घालायच्या भानगडीत पडू नका. ते बागायतदाराचं शास्त्र आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि त्याला साजेसं खतपाणी. खत न घालता नुसतं कल्टार दिलं तर झाड खंगतं. एका वर्षाआड आला तरी दोघांना आंबा भरपूर होतो. तोही माकडांनी ठेवला तर. माकडांवर खात्रीचा उपाय सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

घर बघताना लोक कौलं, पडवी, झोपाळा बघतात. तुम्ही आधी पाखाडी मोजा. रस्ता वर आणि घर खाली, मध्ये पन्नास-साठ चिऱ्यांच्या पायऱ्या, असं जागोजाग असतं. साठीला ती पाखाडी व्यायाम वाटते. पंचाहत्तरीत छातीत दुखायला लागलं तर चार माणसांना तुम्हाला खुर्चीत बसवून वर न्यावं लागतं, आणि श्रावणात त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. १०८ ची गाडी खळ्यापर्यंत आली पाहिजे. मग हृदयाचा झटका आणि पक्षाघात यांवर उपचार करणारं रुग्णालय किती अंतरावर ते पाहा. चिपळूण-सावर्डे पट्ट्याला डेरवणचं रुग्णालय जवळ, सावंतवाडी-दोडामार्गकरांना गोव्यातलं बांबोळीचं. मधल्या गावांनी आपापलं अंतर रात्रीच्या वेळी गाडीने जाऊन बघावं. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे पावसाळ्याच्या तोंडाला विचारून ठेवा. विंचवाच्या बाबतीत कोकण सुदैवी: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि लाल विंचवाच्या दंशाने जाणारी माणसं वाचू लागली. चिखलात काम केल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका डॉक्टरांना स्वतःहून बोलून दाखवा. दोडामार्गाकडे जानेवारीनंतर काजूत जाताना गोचीड अंगाला लागू देऊ नका. तिथे २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.

विजेचं सोंग वेगळंच. छतावर अनुदानातली सौर यंत्रणा बसवली की लाईट जाणार नाही, असं अनेकांना वाटतं. वीज मंडळाच्या लाईनला जोडलेली साधी यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद होते, कारण नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लाईट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावं कैक आठवडे अंधारात होती. १५० एएचची एक बॅटरी दोन पंखे आणि चार दिवे पाच-सहा तास चालवते; पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) घेतलेत तर जवळजवळ दुप्पट. पंप तिच्यावर चालत नाही, म्हणून पाण्याची टाकी उंचावर आणि किमान दोन हजार लिटरची ठेवा. दोघांना आठवडाभर रेटता येतं.

शेवटी कागद, कारण कितीही गुंठे घेतलेत तरी ते तुमचे झाले पाहिजेत. तुमच्या घरात कुणाच्याच नावावर शेतजमीन नसेल तर १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुम्हाला बिगरशेती भूखंडच बघावा लागेल. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध) लागू होतं, तेव्हा समुद्र दिसणारं घर बांधायच्या आधी तो नकाशा बघा. सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत्यांपासून सासरी गेलेल्या आत्यांपर्यंत सामाईक वीस नावं असणं ही इथली रीतच. त्यातली एक सही राहिली तरी व्यवहार लटकतो. 'इतर हक्क' रकान्यात कूळ, वाट, विहिरीतला हिस्सा आणि सावंतवाडी भागात वनसंज्ञा (जमिनीला लागलेला वनाचा शेरा) आहे का ते वाचा. कलमं एकाची आणि जमीन दुसऱ्याची, असंही असू शकतं. गावात विचारलंत की पाच मिनिटांत कळतं. इसार देण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. अर्ज दिवाळीच्या सुमाराला टाका, म्हणजे गवत वाळून हद्दी दिसू लागतात तेव्हा तारीख लागते. मोजणीदार येतील त्या दिवशी चारी बाजूंचे शेजारी हजर ठेवा आणि खुणेचे दगड त्यांच्या समोर पुरून घ्या.