दुबईत मला ऊन लागलं ते हिवाळ्यात

दुबईत माझ्या गालांवरचे वांगाचे डाग सर्वांत गडद झाले ते जानेवारीत. बाहेर हवा इतकी सुखद की दुपारीही बागेत सतरंजी टाकून बसावंसं वाटतं, सकाळी कधी दाट धुकं, आणि अशा दिवसांत चेहरा ऑगस्टपेक्षा काळवंडलेला. हे कोडं सुटेपर्यंत वर्षाचे सगळे ऋतू पाहावे लागले. नव्याने येणाऱ्या मराठी मुली मला क्रीमचं नाव विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी इथली हवा समजावून सांगते.

मी नागपूरची. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, वाळ्याचा कूलर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून चालवलेली गाडी, यात वाढले. पण नागपूरचा उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि वाळतो. दुबई वाळवंटातली असली तरी समुद्राकाठची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आखाताचं पाणीच तिशीच्या वर तापतं आणि त्याची वाफ शहरावर बसून राहते. इमारतीबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचांवर धुकं धरतं. घाम सुटतो तो अंगावरच राहतो, कारण हवेत आधीच एवढा ओलावा असतो की तो उडून जात नाही. आणि त्याच दिवसाचे बाकीचे सगळे तास एसीत जातात. मेट्रो थंड, स्टेशनकडे नेणारे पूल थंड, कित्येक बसथांबेसुद्धा थंड. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. म्हणजे एकाच दिवसात कातडीला दोन हवामानं सोसावी लागतात: दारापर्यंत कोरडं, दाराबाहेर दमट.

करामा भागातल्या ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे मी गेले, त्यांनी माझ्या पिशवीतल्या बाटल्यांकडे नंतर पाहिलं. आधी विचारलं, ऑफिसात खुर्ची कुठे आहे, एसीचा झोत तोंडावर येतो का, गाडीत कोणत्या बाजूला बसता, सुट्टीच्या दिवशी दुपारी कुठे असता. मग म्हणाल्या, "महिना पाहून क्रीम बदलू नका. त्या महिन्यात तुमचा वेळ कुठे जातो ते पाहा." मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, आणि पुढचं सगळं मी त्यावरच बेतलं.

उन्हाळ्यात पहिली अडचण पाण्याची होती. इथल्या नळाला येतं ते समुद्राचं गोडं केलेलं पाणी, आणि आमच्या इमारतीची टाकी गच्चीवर. जूनपासून गार पाण्याचा नळ सोडला तरी कढतच येतं. कढत पाण्याने अंगावरचं नैसर्गिक तेल धुऊन जातं, त्यामुळे पोटऱ्यांवर खवले आणि खाज. यावर इथल्या जुन्या लोकांची युक्ती अशी की उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा. तो एसीच्या घरात असल्याने त्यातलं पाणी खोलीइतकं निवतं, आणि मग गरम पाण्याचा नळ सोडला की त्यातून आंघोळीजोगं पाणी येतं. एवढ्या एका बदलाने माझी खाज निम्म्यावर आली. आंघोळीनंतर अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच सिरॅमाइड (त्वचेत मुळातच असलेला, ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) असलेलं लोशन लावायचं. ग्लिसरीन, ह्यालुरोनिक आम्ल यांसारखे घटक पाणी धरून ठेवतात. ते ओलसर त्वचेवर लावून वर लोशन दिलं की एसीत चांगलं काम करतात.

चेहऱ्याला मात्र उन्हाळ्यात जाड काही सोसत नाही. सप्टेंबरात कपाळावर बारीक, एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुळ्या उठल्या. मला त्या मुरुमं वाटल्या, पण डॉक्टरांनी पाहून सांगितलं की ही केसांच्या मुळाशी वाढलेली यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे, घाम आणि तेल यांवर ती फोफावते. खोबरेल कपाळापर्यंत उतरू द्यायचं नाही, आणि कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू त्यांनी सांगितला तसा कपाळाला काही मिनिटं लावून धुवायचा. मुरुमांचं मलम यावर चाललं नसतं. म्हणून पुळ्या खाजत असतील तर दुकानदाराला विचारण्याआधी डॉक्टरांना दाखवा, हे मी प्रत्येकीला सांगते.

अरबी लोक उन्हाळा मोडल्याची खूण सुहैल ताऱ्यात पाहतात. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो इथे पहाटे दिसू लागतो. गारवा लगेच येत नाही, सप्टेंबरच्या रात्रीही चिकट असतात, पण ऑक्टोबरपासून लोक बाहेर पडायला लागतात. आणि इथेच माझ्या डागांचं उत्तर होतं.

उन्हाळ्यात दुबईतला माणूस उन्हात असतोच किती? माझ्यासारखी ऑफिसातली बाई दिवसाला काही मिनिटं. (बांधकामावरच्या मजुरांची गोष्ट वेगळी; त्यांच्यासाठी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि त्यांच्या त्वचेचं कोणी लिहीत नाही याची मला खंत वाटते.) हिवाळ्यात उलट होतं. मंडळाची सहल, झबील पार्कात मुलांचं क्रिकेट, ममझरच्या किनाऱ्यावर डबे उघडून चाललेली दुपार. चार-चार तास उन्हात, आणि चटका बसत नाही म्हणून कोणाला जाणवत नाही. पण चटका आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ३ किंवा त्याहून जास्त असला की संरक्षण घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; दुबईत डिसेंबरच्या दुपारीही तो ३ ओलांडतो. फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये हा आकडा असतो. मी तापमान नंतर पाहते, तो आधी.

वांगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत डाग वाढवायला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो, आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लागतं. पांढरा थर न दिसणारी, आपल्या रंगाला मिळणारी छटा शोधायला बरीच दुकानं फिरावी लागली, पण ती सापडल्यावरच डागांचं गडद होणं थांबलं. चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांवर मावेल एवढं घ्यायचं, आणि बाहेर असू तोवर दर दोन तासांनी पुन्हा. गाडीच्या बाजूच्या काचेतून यूव्हीए हे अतिनील किरण बरेचसे आत येतात, त्यामुळे खिडकीकडच्या गालाला सूट नाही. ट्यूब गाडीत ठेवायची नाही. उन्हात उभ्या गाडीत ती उकळून निघते.

सहलीला आता मी दुपट्टाही बांधते, पक्का नागपुरी, फक्त डोळे दिसतील असा. आई पहिल्या हिवाळ्यात फोनवर तेच म्हणत होती, "बांधत नाही का गं तिकडे दुपट्टा?" दोन-चार मैत्रिणींनीही आता सुरू केलंय.

हिवाळ्यात वारं कोरडं असतं, म्हणून रात्री लावायचं, डाग फिके करणारं अ‍ॅझेलेइक आम्ल मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक दिवसाआड करते आणि लोशनऐवजी जाडसर क्रीम घेते. ओठ, टाचा, नाकपुड्यांच्या कडा यांना व्हॅसलीन. मार्च-एप्रिलनंतर शमाल वारा धूळ आणतो. त्या दिवसांत घरी आल्यावर सौम्य फेसवॉशने एकदा तोंड धुणं पुरतं, घासणं नको. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि नवीन वस्तू आधी कानामागे लावून पाहायची, हे बाराही महिने.

डाग पूर्ण गेलेले नाहीत. वांग असा सहज जातही नाही. पण यंदाच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी जुना फोटो शेजारी धरून पाहिला तेव्हा डावा गाल स्पष्ट उजळ होता. उजव्यावर अजून काम बाकी आहे. गाडीत मी त्याच बाजूच्या खिडकीशी बसते, तेव्हा आता त्या काचेला मान्यताप्राप्त फिल्म लावून घ्यायची आहे.