रजिस्टरातली बरोबरची खूण

फेब्रुवारीतला शनिवार होता. गोव्यातल्या आमच्या विधी महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याच्या स्पर्धेची उपांत्य फेरी साडेदहाला सुरू व्हायची होती. सव्वानऊला फाटकावरून वॉचमनदादांचा फोन आला. "बाय, डिचोलीकडची एक बाई आलीय. वकिलीची मुलं कुठे बसतात म्हणून विचारतेय. सोबत लहान मुलगी आहे."

मी तेव्हा चौथ्या वर्षाला होते आणि विधी विद्यार्थी मंडळाची सचिव होते. हातात चिठ्ठ्यांचा डबा होता, समोर चार संघ उभे होते. बसवून ठेवा, येते, असं सांगितलं आणि गेले पावणेबाराला. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसाबद्दल बोलताना मी हे अडीच तास नेहमी गाळत आले आहे.

मंडळ म्हटलं की लोकांना निवडणूक आणि गॅदरिंग आठवतं. निवडणूक ऑगस्टमध्ये एका दुपारी उरकते. खरं काम मूटचं. प्रत्येक संघाने दोन्ही बाजूंची मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद लिहायचे, अर्जदाराचीही आणि प्रतिवादीचीही. त्यांवर कॉलेजचं नाव कुठेही दिसता कामा नये, फक्त संघाचा क्रमांक. संगणकातल्या फाईलवर लिहिणाऱ्याचं नाव चुकून राहिलं तरी गुण कापतात, आणि प्रत्येक फाईल उघडून ते तपासण्यात माझ्या दोन रात्री गेल्या होत्या. कोणता संघ कोणाविरुद्ध आणि कोणत्या बाजूने उभा राहणार हे सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्यात जराही गडबड झाली, तर हरलेला संघ लेखी तक्रार घेऊन येतो. शिवाय परीक्षकांसाठी बेंच मेमो तयार करावा लागतो. खटल्यातले मुद्दे, दोन्हीकडचे निवाडे, कोणत्या उत्तराला कोणता उलटप्रश्न विचारावा, असं सगळं त्यात असतं. त्या वर्षीचा एकतीस पानांचा मेमो मी आणि माझ्या वर्गमैत्रिणीने लिहिला होता, आणि तो उत्तम होता. पर्वरीला उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ परीक्षकांनी त्याची प्रत घरी नेण्यासाठी मागून घेतली.

कायदा साहाय्य कक्ष हा याच मंडळाचा भाग. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात असा कक्ष असावा लागतो, म्हणून आमच्याकडेही होता: जिन्याखालची खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट. मूटच्या पाहुण्यांना हॉटेल मिळायचं. कक्षाच्या मुलांना शिबिराला जाताना बसभाडं मिळायचं आणि तेही बिल दिल्यावर. कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी बसची तिकिटं जपून ठेवायला मी पहिल्याच वर्षी शिकले. परीक्षेचं गणितही तसंच आहे. मूटला ३० गुण, दोन खटले कोर्टात बसून पाहण्याला ३०, आणि वकिलाच्या कार्यालयात किंवा साहाय्य कक्षात पक्षकाराशी होणारी दोन बोलणी ऐकून डायरीत उतरवण्याला १५. या पंधरा गुणांसाठी अर्धा वर्ग एकदा येतो, दोन माणसांची कहाणी टिपून घेतो आणि पुन्हा फिरकत नाही. काही जण तर मागल्या वर्षीच्या डायऱ्याच उतरवतात. मला त्यांचा रागच येतो. पण ज्या रजिस्टराची ही गोष्ट आहे, ते बिघडवायला असा कामचुकार लागला नाही.

बाई कक्षाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. तिशीच्या आतल्या असाव्यात. मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि मुलगी पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढत होती. मला पाहताच त्या उठल्या.

"माका वळाखलास?"

मी ओळखलं नव्हतं. तरी हो म्हणाले.

त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन डिचोली तालुक्यात आल्या. नवरा बार्जवर खलाशी होता. मागच्या ऑक्टोबरमध्ये रात्री छातीत दुखू लागलं आणि इस्पितळात पोहोचायच्या आत गेला. त्याचे पैसे मिळावेत म्हणून त्या कंपनीच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने लग्नाचा दाखला मागितला. त्यांनी पिशवीतला कागद काढून दिला. कारकुनाने तो वाचला आणि परत केला, हा दाखला नव्हे म्हणाला. तोवर दिरांनी सासऱ्यांच्या पश्चात राहून गेलेली घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करण्याचं प्रकरण, कोर्टात घातली होती आणि त्यात यांचं नाव कुठेच नव्हतं.

"असा कसा?" त्यांनी मला विचारलं. "तुमीच सांगितलास मां, कागद बरो आसा म्हणान."

मी कागद हातात घेतला. दोघांची नावं, जन्मतारखा, पत्ते, साक्षीदार, सिव्हिल रजिस्ट्रारचा शिक्का, सगळं होतं. फक्त ती लग्नाची नोंद नव्हती. लग्न करण्याचा इरादा जाहीर केल्याचा तो कागद होता. गोव्यात ज्याला सगळे पहिली सही म्हणतात, ती.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडं सविस्तर सांगायला हवं. इथे हिंदू विवाह कायदा लागू नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा विवाहविषयक हुकूम यांच्यावर उभं असलेलं कौटुंबिक कायद्याचं घर गोवा मुक्त झाल्यावरही तसंच राहिलं. सावंतवाडीत मांडवात सप्तपदी झाली की लग्न झालं, नोंदणी हा त्याचा पुरावा. पत्रादेवीचा नाका ओलांडून इकडे आलं की नोंदणी हेच लग्न. ती दोन टप्प्यांत होते. वधूवर रजिस्ट्रारसमोर जाऊन इरादा जाहीर करतात आणि सही करतात. मग हरकतींसाठी सुमारे पंधरा दिवस थांबायचं. त्यानंतर दोघांनी साक्षीदार घेऊन पुन्हा जायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की लग्न लागलं. मधल्या काळात कोणी मांडव घालो, पाच पक्वान्नं करो, कायद्याच्या दृष्टीने ती दोघं अविवाहितच.

ख्रिस्ती जोडप्यांचं इथे सहसा अडत नाही, कारण रजिस्ट्रारचा कागद पाहिल्याशिवाय पाद्री लग्न लावत नाहीत. आमच्याकडे भटजी मुहूर्त विचारतात, सही विचारत नाहीत. पहिली सही झाली, लग्नाची धांदल सुरू झाली, नवरा बार्जवर गेला, दुसरी सही राहिली. शिक्का तर पहिल्या कागदावरही असतो.

आणि नोंदणी झाली असती तर? आपल्या वाचकांना याची कल्पना क्वचित असते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा ठरतो. नवरा गेल्यावर तो निम्मा भाग बायकोला वारसा म्हणून मिळत नाही. तो तिचाच असतो, नवरा जिवंत असतानाही होता. एवढा भक्कम हक्क देणारा कायदा, आणि त्याचं दार एका सहीवर अडलेलं.

मी कपाट उघडलं. जुन्या करंडकांच्या मागे निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. अनुक्रमांक, नाव, गाव, विषय, सल्ला, शेरा असे सहा रकाने. फोन नंबर नाही. पुढे काय करायचं, कधी करायचं, याला रकाना नाही. कोणी सल्ला दिला त्या विद्यार्थ्याचं नाव नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतलं शिबिर काढलं. सतरावी नोंद: बाईंचं नुसतं पहिलं नाव, गावाचं नाव, 'विवाह नोंदणी', 'कागद पाहिले', आणि शेऱ्यात बरोबरची खूण.

अक्षर माझं होतं.

ते शिबिर मला आठवत होतं. देवळाच्या सभामंडपात टेबलं मांडली होती. मी दुसऱ्या वर्षाला होते. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, आले होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत तीन पिढ्यांचं घर, १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे अर्ज करून घर आणि भोवतालची जमीन विकत घेता येते की नाही, असा प्रश्न. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुना पोर्तुगीज कागद, सगळं टेबलावर पसरलं होतं आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो होतो. कौटुंबिक कायदा मी तोवर शिकलेच नव्हते. या बाई आल्या, कागद पुढे केला, बरो आसा मां म्हणाल्या. मी शिक्का पाहिला, दोन नावं पाहिली. शेजारी चौथ्या वर्षाची सीनियर होती, तिला कोपराने ढोसून विचारायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी हो म्हणाले आणि खूण केली.

नवरा त्यानंतर एकवीस महिने जिवंत होता. रजिस्ट्रारचं कार्यालय त्यांच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे.

मी सरांना शोधायला सभागृहाकडे गेले. सर मंडळाचे प्रभारी. मनाने चांगले, पण स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांपलीकडे त्यांना काही दिसत नाही. दारातच म्हणाले, "अंतिम फेरीनंतर बघू. त्यांना सोमवारी बोलव." मी म्हटलं, त्या दोन बस बदलून आल्यात. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि आजही येतो, पण पावणेबारापर्यंत मीही तेच केलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी परीक्षकांपैकी एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी हातातलं ताट ठेवलं, जिन्याखालच्या खोलीत आल्या, कागद उभ्याउभ्याच वाचला आणि बाईंना तीन प्रश्न विचारले. या सहीनंतर तुम्ही दोघं पुन्हा त्या कार्यालयात गेला होता का? मुलीचा जन्म कुठे नोंदवला? त्या नोंदीवर सही कोणी केली?

दोन वर्षांपूर्वी यातला पहिला प्रश्न मी विचारला असता तर बाकीचे दोन विचारायची वेळच आली नसती.

मुलीची जन्मनोंद नवऱ्याने स्वतः केली होती, त्यावर त्याची सही होती. वकीलबाई म्हणाल्या, "आईची बाजू कठीण आहे, मी खोटी आशा दाखवणार नाही. मुलीसाठी मात्र आपण आजपासून उभं राहायचं. इन्व्हेंटरीत तिचं नाव आलंच पाहिजे." बाईंनी ते शांतपणे ऐकलं. मग मुलीकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे हिचो बापूस आसा, पण माजो घोव नाय." वकीलबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला काही बोलता आलं नाही.

दोन वाजता अंतिम फेरी सुरू झाली. मी वेळेच्या पाट्या धरून कोर्ट मास्टरच्या खुर्चीत बसले: पाच मिनिटं, दोन मिनिटं, वेळ संपली. व्यासपीठावर एक मुलगी राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ वर, जगण्याच्या हक्कावर, फार सुंदर बोलत होती. तिला सर्वोत्कृष्ट वक्त्याचं पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं.

सोमवारी मी बाईंसोबत तालुका विधी सेवा समितीत गेले. विद्यार्थ्याला वकीलपत्रावर सही करता येत नाही, कोर्टात उभंही राहता येत नाही. अर्ज लिहून देणं आणि सोबत जाणं एवढंच आमच्या हातात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या शिबिराच्या फलकावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पण तो फलक आम्ही फोटोसाठी आमच्या पाठीमागे लावायचो.

त्या एप्रिलमध्ये मी सर्वसाधारण सभेत ठराव मांडला. रजिस्टरात फोन नंबर, सल्ला देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पुढची तारीख हे रकाने हवेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दिलेल्या सल्ल्यावर वरच्या वर्गातल्या कोणाची तरी सही हवी. पाचव्या वर्षाची मुलं जाण्याआधी प्रत्येक नोंद पुढच्या मुलांना तोंडी समजावून द्यायची. एप्रिल ते ऑगस्ट आमचा कक्ष दर वर्षी रिकामा पडतो. जुने जातात, नवे निवडून यायचे असतात, आणि त्या चार महिन्यांत आलेला माणूस कुलूप बघून परत जातो. खजिनदाराने विचारलं, एका चुकीसाठी एवढं कशाला? मी रजिस्टर उघडून वाचायला लागले. विवाह नोंदणी, माहिती दिली. मुंडकार, माहिती दिली. पोटगी, माहिती दिली. तीन पानं झाल्यावर तोच थांब म्हणाला. ठराव मंजूर झाला. सुट्टीतल्या दिवसांसाठी पैसे मात्र मंजूर झाले नाहीत.

पुढच्या शिबिरात आम्ही त्याच गावात गेलो आणि घरोघरी सांगितलं, लग्नाचे कागद घेऊन या. एक जोडपं पहिल्या सहीचाच कागद घेऊन आलं. नवरा वाळपईला दुकानात कामाला. दोघांना रजिस्ट्रारच्या कार्यालयात घेऊन गेलो. तिथे कळलं की बराच काळ लोटल्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार. त्यांनी केलं. दुसऱ्या सहीच्या दिवशी साक्षीदार म्हणून माझ्या दोन ज्युनियर गेल्या.

या बाई त्या शिबिराला आल्या नाहीत. त्यांचं घर देवळाच्या मागच्या वाटेवर आहे. मी गेले तर दार उघडं होतं. चहा दिला. मुलगी पाटीवर काहीतरी लिहीत बसली होती. इन्व्हेंटरीत तिच्या नावाचा अर्ज दाखल झाला आहे, दिरांनी हरकत घेतली आहे. आता मी डिचोलीच्याच एका वकिलांकडे ज्युनियर आहे. ते प्रकरण आमच्याकडे नाही, पण कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, बोर्डावर, लागलं की मी मागच्या बाकावर जाऊन बसते. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.