हायब्रिड सायकल: शॉकर सोडला, गिअर धरला

पुण्यात रोज चालवायला हायब्रिड सायकल (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची) घ्यायची होती, तिचं बजेट वीस हजारांवरून पंचवीसवर गेलंय. (घरी अजून वीसच माहीत आहे.) गरज मात्र तीच: आठवडाभर धायरी ते डेक्कन, रविवारी खडकवासला-पानशेत, अधूनमधून कालव्याकाठची मुरमाची वाट, आणि दम जमला की सिंहगड.

दुकानं फिरल्यावर कळतं की ‘हायब्रिड’ या एकाच पाटीखाली दोन निराळ्या सायकली असतात. ट्रेक एफएक्स, जायंट एस्केप यांचा ओढा डांबराकडे: ताठ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा, शॉकरशिवाय), सडसडीत टायर. जायंट रोम, स्कॉट सब क्रॉस यांचा ओढा मातीकडे, पुढे सस्पेन्शन, म्हणजे शॉकर. नव्या घेतल्या तर या सगळ्या माझ्या खिशाबाहेरच्या, पण आपल्याला कुठल्या बाजूची हवी हे त्यांच्यावरून ठरवता आलं.

स्वस्तातल्या सायकलीला शॉकर लावून विकतात, कारण तो दिसतो. प्रत्यक्षात तो साध्या स्प्रिंगचा, जेमतेम ६० मिमी दबणारा, आणि वजन दोन किलोच्या वर. ताठ फोर्क त्याच्या निम्म्यात बसतो. मुरमावरचा बारीक थरथराट शोषायला ३८ किंवा ४० मिमीचा टायर पुरतो. म्हणून सायकल बघताना मी आधी फोर्क आणि टायर यांच्यात बोट घालून एवढा टायर मावेल का ते बघायचो. विक्रेते वैतागले, वैतागू देत.

खरा घोळ गिअरचा आहे. ‘२१ गिअर’ ऐकून भुलू नका. तशा बऱ्याच सायकलींना पुढे तीन चकत्या आणि मागे १४-२८ दातांचं सात चकत्यांचं फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसणारा चकत्यांचा गठ्ठा) असतं. पुढच्या सर्वांत लहान चकतीला २८ दात धरले तर सर्वांत हलका गिअर १:१, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. मिनिटाला ६० पायडल मारायचे तर वेग ताशी पावणेआठ किलोमीटर ठेवावाच लागतो, आणि सिंहगडाच्या वाटेवर गोळेवाडीच्या वरच्या वळणांवर तो मला झेपत नाही. मागे ३४ दात असतील तर तेच ६० पायडल साडेसहाच्या वेगाला जमतात. सपाटीला हा फरक जाणवणारही नाही. घाटात पाय टेकायचा की नाही, ते यावर ठरतं. शिवाय फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकापासून बरंच आत असतं, त्यामुळे खड्ड्यांत एक्सल वाकण्याची भीती जास्त. कॅसेटवाला हब (ज्यावर चकत्या नुसत्या सरकवून बसवतात) तिथे दणकट. एकूण काय, ८ स्पीड (मागे आठ चकत्यांच्या) कॅसेटच्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं.

ब्रेकवर फार डोकं खाल्लं नाही. रिमला रबर दाबणारे व्ही-ब्रेक हलके आणि दुरुस्तीला सोपे, पण पावसाळ्यात चिखल रिम घासून खातो. केबलने ओढले जाणारे डिस्क ब्रेक घ्यायचे ठरवलं.

शेवटी सेकंडहँड जमली. अॅल्युमिनियम फ्रेम, ताठ फोर्क, पुढे ४८-३८-२८ दात, मागे ११-३४, मडगार्ड-कॅरिअरची भोकं शाबूत. चेन झिजली की लांबते, म्हणून घेण्याआधी पट्टी लावून मोजली: चोवीस कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १/१६ इंच वाढल्या तर फक्त चेन बदलायची, १/८ वाढल्या तर कॅसेटचाही खर्च किमतीतून वजा करून मागायचा. माझी १/१६ ला टेकली होती, तेवढ्यावर घासाघीस झाली. मालकही सायकलवालाच, त्याने वाद घातला नाही.

सध्या ७००x३८ चे, मधोमध गुळगुळीत आणि कडेला गुट्ट्या असलेले टायर चढवलेत. माझं वजन ७२ किलो. हवा डांबरावर ६० पीएसआय (दाबाचं माप), मुरमावर ४५. त्याहून कमी केली की खडीवर ट्यूब रिमशी चिमटून पंक्चर व्हायची धास्ती वाटते.

आता हँडल थोडं वर घ्यायचंय, तळहात बधिर होतात. या सायकलवर सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजेपर्यंत जाऊन आलो, वर गड अजून बाकी आहे. कॅरिअर कुणी डिस्कच्या कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या भागाला) न अडता बसवला असेल तर कुठल्या मापाचा, ते सांगा.